ॲक्रॉन आणि मेकॉन: विमानं पोटात घेऊन उडणाऱ्या नौदलाच्या महाकाय एअरशिप कशा बांधल्या गेल्या?

जहाजावरून ड्रोन उडाला आणि पुन्हा जहाजावर उतरला, असा व्हिडिओ तुम्ही मोबाइलवर पाहिलाच असेल. पण जे जहाज स्वतःच आकाशात तरंगतंय, त्याच्या पोटातून छोटं विमान खाली सोडलं जातंय आणि काम झाल्यावर तेच विमान हवेतल्या हवेत परत पोटात घेतलं जातंय, असं कधी पाहिलंय का? ही सायन्स फिक्शनमधली गोष्ट नाही. १९३२ मध्ये अमेरिकन नौदल हे खरोखर करत होतं.

या एअरशिपची नावं होती ॲक्रॉन आणि मेकॉन. हेलियमवर उडालेल्या एअरशिपमध्ये यांच्याएवढी मोठी एअरशिप त्याआधी झाली नव्हती आणि त्यानंतर आजपर्यंतही झालेली नाही. या लेखात आपण त्या कशा बांधल्या, त्यांच्यातलं तंत्रज्ञान कसं चालायचं आणि एवढी मेहनत घेऊनही दोन्ही समुद्रात का बुडाल्या, हे समजून घेऊ. यातलं शेवटचं उत्तर गॅसमध्ये किंवा इंजिनात नाही, तर शेपटीत केलेल्या एका बदलात आणि पुढे ढकललेल्या एका दुरुस्तीत आहे.

थोडक्यात माहिती

- नौदलाचे क्रमांक: ॲक्रॉन – झेडआरएस-४, मेकॉन – झेडआरएस-५
- बांधणी: गुडइयर-झेपेलिन कंपनी, ॲक्रॉन शहर, ओहायो राज्य, अमेरिका
- मुख्य डिझायनर: कार्ल आर्नस्टाइन
- लांबी: २३९ मीटर, म्हणजे जवळपास बारा डब्यांच्या लोकल ट्रेनएवढी
- जाडी: सर्वात फुगीर जागी सुमारे ४० मीटर
- गॅस: सुमारे १,८४,००० घनमीटर हेलियम
- इंजिनं: मायबाख कंपनीची ८, प्रत्येकी ५६० हॉर्सपॉवर
- वेग: ॲक्रॉन ताशी सुमारे १२७ किमी, मेकॉन ताशी सुमारे १४० किमी
- किंमत: ॲक्रॉन ५३ लाख ७५ हजार डॉलर, मेकॉन २४ लाख ५० हजार डॉलर

दोन्ही जवळपास सारख्याच होत्या, मग दुसरी निम्म्याहून कमी किमतीत कशी झाली? कारण डिझाइन, साचे, चाचण्या हा सगळा खर्च पहिलीवरच झाला होता. नवीन मोबाइलचं पहिलं मॉडेल बनवताना कंपनीचा खर्च जास्त होतो, तसंच हे.

रिजिड एअरशिप म्हणजे काय?

क्रिकेट मॅचच्या वेळी स्टेडियमवर जाहिरातीचा मोठा फुगा दिसतो, त्याला ब्लिंप म्हणतात. त्याच्या आत सांगाडा नसतो. गॅसच्या दाबामुळे त्याचा आकार टिकतो आणि गॅस गेला की तो लोंबतो.

रिजिड एअरशिप वेगळी. तिला धातूचा पक्का सांगाडा असतो, वरून कापडाचं आवरण असतं आणि आत गॅसच्या वेगवेगळ्या मोठ्या पिशव्या असतात. सगळ्या पिशव्या रिकाम्या केल्या तरी एअरशिपचा आकार तसाच राहतो. आणि एक पिशवी फाटली तरी बाकीच्या पिशव्या तिला वर धरून ठेवू शकतात.

ती वर कशी जाते, याचं गणित सोपं आहे. एक घनमीटर हवेचं वजन साधारण १.२ किलो. तेवढ्याच जागेतल्या हेलियमचं वजन जेमतेम १७० ग्रॅम. म्हणजे प्रत्येक घनमीटर हेलियम साधारण एक किलो वजन उचलतो. आता याला १,८४,००० ने गुणा. सुमारे १८० टन! त्यातले शंभरेक टन एअरशिपच्या स्वतःच्या वजनातच जातात. उरलेल्यात इंधन, पाणी, माणसं, सामान आणि विमानं.

नौदलाला एअरशिप कशाला हवी होती?

तेव्हा रडार नव्हतं आणि सॅटेलाइटचा तर प्रश्नच नव्हता. पॅसिफिक महासागर एवढा मोठा की शत्रूचा ताफा नेमका कुठे आहे हे शोधणं हीच सगळ्यात मोठी अडचण. क्रूझर जहाज पाठवलं तर त्याचा वेग ताशी पन्नास-साठ किलोमीटर. विमान वेगवान, पण त्याचं इंधन काही तासांत संपायचं.

एअरशिप या दोन्हींच्या मधली होती. जहाजाच्या दुप्पट वेग आणि विमानापेक्षा कितीतरी जास्त वेळ हवेत राहायची क्षमता. ॲक्रॉन एकदा इंधन भरल्यावर बेताच्या वेगाने सुमारे १७,००० किमी जाऊ शकेल असं डिझाइन होतं. म्हणून नौदलातले रिअर ॲडमिरल विल्यम मॉफेट या कल्पनेच्या मागे ठामपणे उभे राहिले. ते नौदलाच्या विमान विभागाचे प्रमुख होते.

आधीच्या अपघातांतून शिकलेला धडा

ॲक्रॉनच्या आधी अमेरिकन नौदलाने तीन रिजिड एअरशिप घेतल्या किंवा घ्यायचं ठरवलं होतं.

पहिली आर-३८. ती ब्रिटनमध्ये अमेरिकेसाठी बांधली जात होती. ऑगस्ट १९२१ मध्ये इंग्लंडमधल्या हल शहराजवळ चाचणी चालू असताना जोरात वळण घेताना तिचे दोन तुकडे झाले. ४४ जण गेले.

दुसरी शेनान्डोआ, अमेरिकेतच बांधलेली. तिचं डिझाइन युद्धकाळातल्या एका जर्मन झेपेलिनवरून घेतलं होतं. ते झेपेलिन खूप उंच जाता यावं म्हणून मुद्दाम हलकं बनवलेलं होतं. सप्टेंबर १९२५ मध्ये ओहायोवर वादळात सापडून शेनान्डोआ तुटली. १४ जण गेले.

तिसरी लॉस एंजेलिस. ती जर्मनीत झेपेलिन कंपनीने बांधली आणि १९२४ मध्ये अटलांटिक ओलांडून अमेरिकेला आणून दिली. ही मात्र वर्षानुवर्षं सुरक्षित उडाली.

यातून इंजिनिअर लोकांनी काय धडा घेतला? सांगाडा मजबूत हवा, विशेषतः मध्यभागी. नव्या एअरशिपच्या डिझाइनमध्ये सगळा भर त्यावरच होता. हे लक्षात ठेवा, पुढे याची गरज लागणार आहे.

बांधणारी टीम

टायर बनवणारी गुडइयर कंपनी ॲक्रॉन शहरातली. रबर आणि कापड यांचं काम त्यांना चांगलं माहीत होतं, ब्लिंपही त्या बनवत होत्या. पण रिजिड सांगाड्याचं ज्ञान होतं जर्मनीच्या झेपेलिन कंपनीकडे. म्हणून दोघांनी मिळून गुडइयर-झेपेलिन ही कंपनी काढली. १९२४ मध्ये झेपेलिनचे मुख्य स्ट्रक्चर इंजिनिअर कार्ल आर्नस्टाइन आपल्या बारा सहकाऱ्यांना घेऊन अमेरिकेला आले. ऑक्टोबर १९२८ मध्ये नौदलाने दोन एअरशिपचा करार केला.

आधी हँगर, मग एअरशिप

एवढी मोठी वस्तू बांधायची कुठे? पावसात, वाऱ्यात उघड्यावर तर नाहीच. म्हणून १९२९ मध्ये आधी ॲक्रॉनला एक अवाढव्य हँगर उभं केलं. त्याला एअरडॉक म्हणतात. लांबी ३५८ मीटर, रुंदी ९९ मीटर, उंची ६४ मीटर आणि आत एकही खांब नाही! सगळा भार कमानींवर.

यात दोन गोष्टी भारी होत्या. एक म्हणजे दरवाजे. ते सपाट नव्हते, तर संत्र्याच्या सालीच्या फोडीसारखे गोलाकार होते. प्रत्येक दरवाजाचं वजन ६०० टन. गोल आकारामुळे वारा दरवाजापाशी भोवरे न करता सरळ निसटून जायचा. हँगरमधून बाहेर निघताना अशा भोवऱ्याने एअरशिप भिंतीवर आपटण्याची भीती असायची, ती त्यामुळे कमी झाली.

दुसरी गोष्ट म्हणजे पाया. उन्हाळा-हिवाळ्यात लोखंड फुगतं आणि आकसतं. एवढ्या लांब इमारतीत हा फरक बराच पडतो. म्हणून कमानींची टोकं रोलरवर बसवली, म्हणजे इमारतीला थोडी हलायला जागा मिळाली.

सांगाडा कसा उभा केला?

सांगाड्याचा धातू होता ड्युरॅल्युमिन. म्हणजे ॲल्युमिनियममध्ये थोडं तांबं वगैरे मिसळून केलेला मिश्रधातू. वजनाला ॲल्युमिनियमसारखा हलका, पण ताकदीला त्यापेक्षा खूप पुढे.

७ नोव्हेंबर १९२९ रोजी मॉफेट यांनी पहिल्या मोठ्या रिंगमध्ये सोन्याचा रिव्हेट ठोकून कामाची औपचारिक सुरुवात केली. काम साधारण असं चालायचं:

१. धातूच्या पातळ पट्ट्यांपासून जाळीदार गर्डर बनवायचे. जाळीमुळे वजन कमी राहतं.

२. गर्डर रिव्हेटने जोडून जमिनीवर आडवी अशी मोठी गोल रिंग तयार करायची.

३. रिंग क्रेनने उचलून उभी करायची आणि छताला टांगायची.

४. अशा एकामागोमाग एक रिंगा लांब आडव्या गर्डरनी जोडत जायच्या. दोन मुख्य रिंगांमध्ये २२.५ मीटर अंतर आणि त्या मधल्या जागेत तीन हलक्या, दुय्यम रिंगा.

५. वरून सुती कापड ताणून बसवायचं आणि त्यावर ॲल्युमिनियमची पूड मिसळलेलं रंगासारखं लेपन द्यायचं. यामुळे कापड घट्ट होतं आणि ऊनही परावर्तित होतं. एअरशिपचा चंदेरी रंग यातूनच आलेला.

आर्नस्टाइन यांचं खरं वेगळेपण मुख्य रिंगमध्ये होतं. जुन्या झेपेलिनमध्ये रिंग सपाट असायची आणि सायकलच्या चाकात आरे असतात तशा तारांनी ताणून धरलेली असायची. आर्नस्टाइन यांनी त्रिकोणी काटछेदाची जाड रिंग केली, जी तारांच्या आधाराशिवाय स्वतःच ताठ राहते. ती इतकी जाड की माणूस तिच्या आतून चढून जाऊ शकायचा. म्हणजे उडतानाही सांगाडा जवळून तपासता यायचा.

शिवाय जुन्या एअरशिपला खाली एकच कणा असायचा, हिला तीन दिले. एक वर, दोन खाली दोन्ही बाजूंना. मध्ये तुटणार नाही, याची पुरेपूर सोय झाली.

हेलियम आणि गॅसच्या पिशव्या

जर्मन एअरशिप हायड्रोजनवर उडायच्या. हायड्रोजन जास्त उचलतो, पण पेटतो. हेलियम पेटत नाही. तेव्हा हेलियमचा मोठा साठा होता तो अमेरिकेतच, टेक्सासकडच्या नैसर्गिक वायूमध्ये. त्यामुळे अमेरिकन नौदलाला ही चैन परवडली.

या गॅसचा आपल्या महाराष्ट्राशीही एक धागा आहे बरं का. हेलियम पृथ्वीवर सापडण्याआधी सूर्यावर ओळखला गेला. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास सूर्यग्रहण भारतातून दिसलं. फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनी ते आंध्रमधल्या गुंटूरहून पाहिलं. सूर्याच्या प्रकाशात दिसलेल्या एका अनोळखी पिवळ्या रेषेवरून पुढे इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉकियर यांनी हा नवा मूलद्रव्य असल्याचा निष्कर्ष काढला. त्या ग्रहणाची आठवण म्हणून सिंधुदुर्गातल्या विजयदुर्ग किल्ल्यावर १८ ऑगस्टला हेलियम दिवस साजरा होतो.

आता पिशव्यांकडे येऊ. प्रत्येक एअरशिपमध्ये १२ पिशव्या. जुन्या काळी त्या गुरांच्या आतड्याच्या पातळ पडद्यापासून बनवत. एका एअरशिपसाठी लाखो जनावरांची आतडी लागायची, खर्चही प्रचंड. ॲक्रॉनमध्ये अर्ध्या पिशव्या रबर लावलेल्या सुती कापडाच्या केल्या आणि अर्ध्या जिलेटिन-लेटेक्सचं मिश्रण मुरवलेल्या कापडाच्या. दुसरा प्रकार इतका हलका निघाला की मेकॉनमध्ये सगळ्या पिशव्या त्याच्याच बनवल्या.

इंजिन आत, प्रोपेलर बाहेर

हेलियम पेटत नसल्यामुळे एक मोठा फायदा झाला. इंजिनं सांगाड्याच्या आतच ठेवता आली, एका बाजूला चार आणि दुसऱ्या बाजूला चार. तिथून एक लांब शाफ्ट बाहेर यायचा आणि टोकाला प्रोपेलर. हा प्रोपेलर ९० अंशात फिरवता यायचा. म्हणजे तोच प्रोपेलर पुढे ढकलायचा, मागे खेचायचा आणि वर-खालीही जोर द्यायचा. आजच्या ड्रोनसारखंच की! तोटा एवढाच की चारही प्रोपेलर एका रांगेत असल्यामुळे मागच्यांना पुढच्यांनी ढवळलेली हवा मिळायची.

एअरशिपच्या फोटोत प्रत्येक इंजिनाच्या वर काळसर उभे पट्टे दिसतात. ती डिझाइन नाही, ते पाणी गोळा करायचं यंत्र आहे. का लागतं ते पाहा.

इंधन जळत गेलं की एअरशिप हलकी होत जाते आणि आपोआप वर जायला लागते. हायड्रोजनवाले सरळ थोडा गॅस सोडून द्यायचे. हेलियम महाग, सोडणार कसा? म्हणून इंजिनाचा धूर त्या पट्ट्यांमधून फिरवून थंड करायचा आणि त्यातली वाफ पाण्याच्या रूपात परत मिळवायची. एक किलो पेट्रोल जळल्यावर एक किलोपेक्षा जास्त पाणी तयार होतं, कारण त्यातला ऑक्सिजन हवेतून येतो. म्हणजे इंधन गेलं तरी पाण्याच्या रूपात वजन कायम. साध्या रसायनशास्त्राचा असा उपयोग!

पोटातली विमानं

खालच्या बाजूला साधारण २३ बाय १८ मीटरचं हँगर आणि त्याला इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचा दरवाजा होता. आत विमानं टांगलेली. विमानाचं नाव कर्टिस स्पॅरोहॉक. पंखांची रुंदी जेमतेम पावणेआठ मीटर, म्हणून दरवाजातून मावायचं.

उतरायची पद्धत अशी:

- एअरशिपखाली एक दांडा खाली सोडलेला असायचा. सर्कशीतल्या झोक्यासारखा, म्हणून त्याला ट्रॅपीझ म्हणायचे.
- पायलट खालून येऊन आपला वेग एअरशिपच्या वेगाएवढा करायचा.
- विमानाच्या वरच्या पंखावर एक हुक होता, तो दांड्यात अडकवायचा.
- मग ट्रॅपीझ वर ओढून विमान आत.

मे १९३२ मध्ये ॲक्रॉनवर हे पहिल्यांदा यशस्वी झालं. ॲक्रॉनच्या हँगरमध्ये काही गर्डर आडवे येत असल्यामुळे तीनच विमानं मावायची, मेकॉनमध्ये मात्र पाच. मेकॉनवर तर पुढे विमानांची चाकंच काढून त्या जागी जादा इंधनाची टाकी लावली. जमिनीवर उतरायचंच नाही, तर चाकं कशाला?

हळूहळू नौदलाच्या लक्षात आलं की खरे डोळे म्हणजे ही विमानं. एअरशिपने मागे लपून राहायचं आणि दोन विमानांनी दोन्ही बाजूंना लांबवर जाऊन समुद्र पिंजून काढायचा.

शेपटीत केलेला बदल

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. एअरशिपच्या शेपटीला चार फिन असतात, माशाच्या परांसारखे. त्यांच्यामुळे ती सरळ जाते. मूळ डिझाइनमध्ये हे फिन लांबट आणि कमी उंचीचे होते. त्यांची बैठक मजबूत मुख्य रिंगांवर होती.

१९२९ मध्ये जर्मन एअरशिप ग्राफ झेपेलिन लॉस एंजेलिसहून निघताना तिची शेपूट विजेच्या तारांवर आदळता आदळता वाचली. नौदलाने विचार केला की कंट्रोल केबिनमध्ये बसलेल्या माणसाला खालचा फिन डोळ्यांनी दिसलाच पाहिजे. मागणी अगदी रास्त होती. त्यासाठी फिन आखूड आणि जास्त उंच केले.

पण आखूड झाल्यामुळे फिनचं पुढचं टोक मुख्य रिंगवर न येता मधल्या हलक्या रिंगवर आलं. वाऱ्याचा सगळ्यात जास्त जोर नेमका त्याच टोकावर येतो. मध्यभाग पोलादासारखा पक्का केला, आणि कच्चा दुवा शेपटीत जाऊन बसला.

ॲक्रॉनचं काय झालं?

२३ सप्टेंबर १९३१ ला ॲक्रॉन पहिल्यांदा उडाली आणि २७ ऑक्टोबरला नौदलात दाखल झाली. नोव्हेंबरमध्ये तिने एका वेळी २०७ माणसं घेऊन उड्डाण केलं.

पण जमिनीवर सांभाळणं अवघड होतं. मे १९३२ मध्ये कॅलिफोर्नियात उतरताना उन्हाने हेलियम तापला होता आणि बरंच इंधन जळून गेलेलं, त्यामुळे ती हलकी होऊन अचानक वर गेली. दोर धरलेले तीन खलाशी तिच्याबरोबर वर उचलले गेले. दोघांचे हात सुटले आणि ते मरण पावले. तिसऱ्याला बऱ्याच वेळाने वर ओढून घेतलं.

मग आली ४ एप्रिल १९३३ ची मध्यरात्र. न्यू जर्सीच्या किनाऱ्याबाहेर ॲक्रॉन वादळात सापडली. खाली खेचणाऱ्या वाऱ्यात ती सावरायला नाक वर करून चढत होती आणि तेवढ्यात तिची शेपूट समुद्रावर आपटली.

असं कसं झालं? तेव्हाचं उंचीमापक हवेच्या दाबावर चालायचं. तुमच्या फोनमध्ये बॅरोमीटर सेन्सर असेल तर तोही असाच चालतो: दाब कमी म्हणजे उंची जास्त. पण वादळात हवेचा दाब मुळातच कमी असतो. दाब २० मिलिबारने उतरला तर यंत्र खऱ्यापेक्षा सुमारे १६० मीटर जास्त उंची दाखवतं. त्यात २३९ मीटर लांबीची एअरशिप वीस अंश नाक वर करून चालली असेल, तर शेपूट नाकापेक्षा ८० मीटर खाली असते. केबिन पुढे, शेपूट मागे अंधारात.

एअरशिपवर ७६ जण होते. थंड पाणी, लाइफ जॅकेट नाहीत, रबरी तराफा एकच. एका जर्मन जहाजाने तिघांचा जीव वाचवला, बाकी ७३ जण गेले. त्यात मॉफेट स्वतःही होते. पाच वर्षांनी नाही, महिन्यांनी नाही, तर फक्त सतरा दिवसांनी, २१ एप्रिलला, मेकॉनने पहिलं उड्डाण केलं.

मेकॉन आणि पुढे ढकललेली दुरुस्ती

ॲक्रॉनमधून वाचलेल्या तिघांपैकी एक अधिकारी होते हर्बर्ट वायली. पुढे तेच मेकॉनचे कमांडर झाले. जुलै १९३४ मध्ये त्यांनी पॅसिफिकमध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट ज्या जहाजातून जात होते ते जहाज शोधून काढलं आणि स्पॅरोहॉकमधून त्यांच्यासाठी ताजी वर्तमानपत्रं टाकली! एअरशिपचा उपयोग कसा होऊ शकतो, हे त्यांना दाखवायचं होतं.

पण त्याआधी एप्रिल १९३४ मध्ये एक इशारा मिळाला होता. टेक्सासवरून जाताना खराब हवेत फिनजवळचे गर्डर वाकले. चालत्या उड्डाणात खलाशांनी ते तात्पुरते सावरले. मग चारही फिनच्या मुळाशी सांगाडा मजबूत करायचं ठरलं. मेकॉन ताफ्याच्या सरावासाठीही हवी होती, म्हणून काम सवडीने, तुकड्या-तुकड्यांनी केलं. बाकीच्या फिनचं झालं, वरच्याचं राहिलं.

१२ फेब्रुवारी १९३५. कॅलिफोर्नियातल्या पॉइंट सूरजवळ वाऱ्याचा एक जोरदार झोत आला आणि नेमका वरचा फिन उखडला. तुटलेल्या धातूने मागच्या तीन गॅस पिशव्या फाडल्या. शेपूट जड झाली. वजन कमी करायला घाईघाईने पाणी आणि इंधन टाकलं, तर एअरशिप भराभर वर गेली. वर हवा विरळ, म्हणून गॅस फुगला आणि पिशव्या फुटू नयेत म्हणून असलेल्या व्हॉल्व्हमधून हेलियम आपोआप बाहेर पडला. आता वर राहायला पुरेसा गॅसच उरला नाही. मेकॉन हळूहळू खाली येत समुद्रावर टेकली.

एअरशिपवर ८३ जण होते. या वेळी लाइफ जॅकेट होती, रबरी तराफे होते आणि जवळच नौदलाची जहाजं होती. ८१ जण वाचले, दोघे गेले. ॲक्रॉनच्या रात्री जे नव्हतं ते मेकॉनवर होतं, म्हणून एवढी माणसं घरी परतली. सांगाड्याच्या बाबतीत मात्र ‘नंतर करू’ म्हणून ठेवलेलं काम नंतर करायची वेळच आली नाही.

एअरशिप बंद का झाल्या?

फक्त अपघात हे कारण नव्हतं. नौदलाच्या सरावांत विमानवाहू जहाजावरची विमानं मेकॉनला वारंवार ‘पाडायची’. एवढं मोठं निशाण चुकणार कसं? १९३५ मध्येच पीबीवाय कॅटालिना हे लांब पल्ल्याचं, पाण्यावर उतरणारं विमान पहिल्यांदा उडालं. एका एअरशिपच्या पैशात अशी बरीच विमानं येत होती. मग रडार आलं आणि प्रश्नच मिटला.

आज काय उरलंय?

मेकॉनचे अवशेष १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला समुद्रात सुमारे ४५० मीटर खोलीवर सापडले. तिची स्पॅरोहॉक विमानंही तिथेच आहेत.

मेकॉनचं कॅलिफोर्नियातलं घर, म्हणजे मॉफेट फील्डचं हँगर वन, आजही उभं आहे. २०१४ मध्ये नासाने ही जागा गूगलच्या एका उपकंपनीला ६० वर्षांच्या भाड्याने द्यायचा करार केला. याच मॉफेट फील्डवर गूगलचे सहसंस्थापक सर्गेई ब्रिन यांच्या एलटीए रिसर्च कंपनीने पाथफाइंडर-१ ही नवी रिजिड एअरशिप बांधली. लांबी सुमारे १२४ मीटर, सांगाडा कार्बन फायबर आणि टायटॅनियमचा. आणि ॲक्रॉनचं ते जुनं एअरडॉकही आता याच कंपनीच्या कामासाठी वापरात आलं आहे.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

हिंडेनबर्ग यापेक्षा मोठी होती का?
हो, पण थोडीच. हिंडेनबर्ग २४५ मीटर होती, म्हणजे फक्त सहा मीटरने लांब. ती हायड्रोजनवर उडायची.

सगळ्यात जास्त माणसं हिंडेनबर्गच्या अपघातात गेली ना?
नाही. १९३७ च्या त्या अपघातात ३६ जण गेले, ॲक्रॉनमध्ये ७३. हिंडेनबर्ग कॅमेऱ्यासमोर जळाली, ॲक्रॉन अंधारात बुडाली. म्हणून एक सगळ्यांना माहीत आहे आणि दुसरी नाही.

हेलियम सुरक्षित होता, तरी या एअरशिप का पडल्या?
हेलियम आगीपासून वाचवतो, वादळापासून किंवा तुटलेल्या सांगाड्यापासून नाही.

आता एअरशिप परत येतील का?
मोठं सामान नेणं, आपत्तीत मदत पोहोचवणं अशा कामांसाठी प्रयत्न चालू आहेत. आज हवामानाचे सॅटेलाइट आहेत, मजबूत साहित्य आहे, सांगाड्यावरचा ताण सतत मोजणारे सेन्सर आहेत. पण सेन्सरने इशारा दिल्यावर दुरुस्ती आज करायची की पुढच्या महिन्यात, हे तेव्हाही माणसालाच ठरवावं लागत होतं आणि आजही लागतं.